फुलपाखराचा पंचनामा

चांदीच्या नाण्यावर रंगीत फुलपाखरू असू शकतं, हेच मुळात सिंदेवाहीत कोणाला पटलं नाही. पुढचं सगळं रामायण त्या अविश्वासातून घडलं, असं प्रफुल गुरनुलेचं आजही ठाम मत आहे. प्रफुल भात संशोधन केंद्रात कनिष्ठ लिपिक. त्यामुळे कोणत्याही घोटाळ्याचं मूळ आपल्या टेबलावर नसून दुसऱ्याच्या टेबलावर आहे, हे शोधून काढण्याचा त्याचा अभ्यास दांडगा.

नाणं त्याला दिलं स्वप्निलने. शाळेपासूनचा मित्र, जहाजावर नोकरीला लागलेला, दिवाळीला गावी आला होता. नाणं आपल्या रुपयापेक्षा बरंच मोठं आणि चांगलं जड होतं. एका बाजूला मुकुट घातलेली कोणीतरी बाई, दुसऱ्या बाजूला फुलपाखरू. ते नुसतं कोरलेलं नव्हतं, रंगवलेलं होतं: निळेभोर पंख, कडेला शेंदरी झालर आणि वर दोन काळ्या मिशा. सगळं एका पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत बंद.

"कुठल्यातरी बेटाचं हाय," स्वप्निल म्हणाला. "शौकीन लोकायसाठी काढते. असली चांदी हाय, पण बाजारात चालत नाई."

खरं आहे पण चालत नाही, हा प्रकार प्रफुलला समजावून सांगावा लागला नाही. त्याच्या संसाराचं तेच होतं. बायको साधना गोदावरीकाठी सिरोंच्याला शाळेत शिक्षिका, आणि हा इकडे सिंदेवाहीला. नवराबायको एका ठिकाणी असावेत असं खुद्द सरकारचं धोरण आहे. पण सिंदेवाही पडली चंद्रपूर जिल्ह्यात आणि सिरोंचा गडचिरोली जिल्ह्यात, आणि एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात बदली मिळणं हे एका जन्मातून दुसऱ्या जन्मात जाण्यासारखं आहे. फरक इतकाच, की जन्म बदलायला ना-हरकत प्रमाणपत्र लागत नाही.

तेव्हा मोबाइल शहरांत पोचले होते, सिरोंच्याला नाही. रविवारी सकाळी प्रफुल एसटीडी बूथवर जायचा, साधना तिकडे तिच्या बूथवर येऊन बसायची, आणि बूथवाल्याच्या देखत जेवढा संसार करता येतो तेवढा दोघं करायचे. भाजी काय केली, पगार झाला का, खोकला गेला का. दिवाळीनंतरच्या एका रविवारी मात्र ती वेगळंच काही बोलली.

"नदीच्या ओल्या रेतीवर फुलपाखरं बसते हो. थवेच्या थवे. पाय टाकला का सगळे एकदम उडते. तुमी असते त दाखवलं असतं."

तेवढ्यात मागून कोणीतरी बाई तेलुगूत काहीतरी ओरडली. साधनाने तेलुगूतच उत्तर दिलं आणि दोघी खळखळून हसल्या.

"काय म्हणे ते?" प्रफुलने विचारलं.

"काई नाई. तुमाले नाई समजाचं."

आता हे वाक्य तसं साधं. पण प्रफुलच्या मनात ते माशाच्या काट्यासारखं अडकलं. आपली बायको आपल्याला न समजणाऱ्या भाषेत हसते. आज हसते, उद्या तिकडचीच होईल, आणि परवा बदलीची ऑर्डर आली तर म्हणेल, राहू द्या जी, मले इथी गमते. स्वप्निलने दिलेलं नाणं त्याने हातात घेतलं ते या मनःस्थितीत. मार्गशीर्षात लग्नाचा वाढदिवस होता. त्या दिवशी न कळवता सिरोंच्याला जायचं, शाळा सुटल्यावर फाटकापाशी उभं राहायचं आणि हे फुलपाखरू तिच्या तळहातावर ठेवायचं, असं त्याने ठरवलं. आणि याबद्दल कोणाला काही सांगायचं नाही, असंही ठरवलं.

सिंदेवाहीत कोणाला काही न सांगण्याची सुरुवात घरमालकिणीला सांगण्यापासून होते. भागीरथाबाईंनी नाणं डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं.

"चांदीले रंग? चांदी काय भिंत हाय बाप्पा, का चुना मारला अन् रंग देल्ला?"

शेजारचे लटारूभाऊ आवाज ऐकून आलेच. ते एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले होते, पण नियंत्रण करणं सुटलं नव्हतं. फक्त गाड्यांच्या जागी आता माणसं होती. "प्रफुलभाऊ," ते म्हणाले, "बायकोले खोटी वस्तू देल्ली अन् ते मंग माहीत पडलं, त जनमभर ऐका लागते. आधी सोनाराले दाखवा."

सोनाराने ती डबी उघडायचा प्रयत्न केला. डबी उघडली नाही, फुटली. मग त्याने नाण्याची कड घासली, कानाशी वाजवून पाहिलं आणि उदास चेहऱ्याने सांगितलं, "चांदी एकदम असल हाय. मंग रंग लावून वाया काऊन घालवली?" या सल्ल्याचे त्याने पैसे घेतले नाहीत. डबीचे दिलेही नाहीत.

चांदी असल आहे म्हटल्यावर भागीरथाबाईंचा नूर पालटला. घरात लक्ष्मी आली, आणि लक्ष्मी पूजा न करता उंबऱ्याबाहेर नेणं त्यांच्या घरात शक्यच नव्हतं. निघायच्या दिवशी पहाटे त्यांनी नाणं पाटावर मांडलं, त्याच्यावर सढळ हाताने हळदकुंकू वाहिलं, दिवा ओवाळला आणि सगळं तसंच्या तसं रुमालात बांधून प्रफुलच्या शर्टाच्या खिशात घातलं. "पुसू नको हं," त्यांनी बजावलं. "बायकोच्या हातात जाईपर्यंत कुकू ऱ्हाऊ दे."

आणि फाटकापाशी लटारूभाऊंनी शेवटचा, म्हणजे सर्वांत घातक सल्ला दिला. "गाडी गडचिरोलीवरूनच जाते ना? मंग जाता जाता बाईच्या बदलीचं इचारून घ्या. एका चकरेत दोन कामं."

एका चकरेत दोन कामं करायला येणाऱ्या माणसाचं एकही काम होत नाही, हे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसणाऱ्या प्रफुलइतकं कोणाला ठाऊक असणार? पण माणूस खुर्चीतून उठला की खुर्चीतलं शहाणपण खुर्चीतच राहतं.

गडचिरोलीतली ती कचेरी कोणती, ते सांगत नाही. बदल्यांच्या टेबलावर गुणवंतराव नावाचे गृहस्थ होते, आणि कोणाच्याही चहाला न शिवणारा माणूस अशी त्यांची ख्याती होती. त्यातून महिन्याभरापूर्वीच कुठल्याशा दुसऱ्या कचेरीतला त्यांचा साडू लाच घेताना पकडला गेला होता. पकडणाऱ्यांनी नोटांना आधीच पावडर लावून ठेवली होती, आणि साडूचे हात पाण्यात बुडवल्याबरोबर पाणी गुलाबी झालं होतं. तेव्हापासून गुणवंतराव हाताची घडी घालूनच बसत. सही करायची वेळ आली तरच घडी सुटायची.

प्रफुलने नमस्कार केला. अर्ज किती जुना आहे ते सांगितलं, आणि अर्जाची प्रत दाखवायला खिशात हात घातला. प्रत रुमालाखाली अडकली होती. त्याने ती ओढली, रुमालाची गाठ सुटली आणि नाणं टेबलावर पडलं. नुसतं पडलं असतं तरी चाललं असतं. ते कडेवर उभं राहिलं, फायलींच्या मधून वाट काढत गुणवंतरावांकडे घरंगळत गेलं, आणि पडू नये म्हणून त्यांनी सवयीने त्यावर हात ठेवला.

हात उचलला तेव्हा पाचही बोटं लाल झाली होती.

गुणवंतरावांनी बोटांकडे पाहिलं. मग नाण्याकडे. मग दाराकडे, की आता कोण आत येतं.

"हे काय हाय?" ते कुजबुजले.

"फुलपाखरू," प्रफुल म्हणाला. दुसरं काही सुचलं नाही.

"पावडर लावली तुमी! मी मांगतलं काय तुमाले? सांगा सगळ्यायच्या समोर, मी काई मांगतलं काय?"

"पावडर नाई जी, कुकू हाय ते! आमच्या घरमालकीणबाईनं—"

"पाणी आणू नका!" गुणवंतराव एकदम ओरडले, कारण शिपाई घाबरून त्यांच्यासाठी पाण्याचा पेला घेऊन येत होता. "कोणी पाणी आणू नका माह्याजवळ!" आणि तो प्रामाणिक माणूस उजवा हात डोक्यावर धरून, आशीर्वाद दिल्यासारखा, भर कचेरीत उभा राहिला. सगळी टेबलं थांबली. खिडकीतून बाहेरचे लोक आत पाहू लागले. एका लिपिकाने दुसऱ्या लिपिकाला लाच देण्याचा प्रयत्न केला, आणि तीही फुलपाखराची, ही बातमी चहाच्या टपरीपर्यंत जायला जेमतेम एक कप भरण्याइतका वेळ लागला.

कुंकू हे कुंकूच आहे हे कचेरीतल्या एका बाईंनी वास घेऊन सांगितलं, तेव्हा गुणवंतरावांचा हात खाली आला. पण ते आता खुर्चीत बसले होते, आणि खुर्चीत बसलेल्या माणसाला विचार सुचतात. नाणं परत दिलं तर उद्या कोणी म्हणेल, दाबलं. ठेवून घेतलं तर म्हणेल, खाल्लं. तेव्हा सरळ मार्ग एकच: पंचनामा.

पंच म्हणून शिपाई आणि टपरीवाला इस्तारी यांना बोलावण्यात आलं. गुणवंतरावांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'चांदीसदृश धातूचे गोल नाणे, नग एक. दर्शनी बाजूस फुलपाखरू, निळे, रंगीत, निर्जीव. मागील बाजूस अनोळखी स्त्री. नाण्यास कुंकू चिकटलेले. सदर नाणे श्री. प्रफुल्ल गुरनुले हे आपली पत्नी सौ. साधना, मुक्काम सिरोंचा, यांना देण्यासाठी आणल्याचे सांगतात.'

"सांगतात काय? आणलंच हाय!" प्रफुल म्हणाला.

"तुमी सांगता, मी लिहितो," गुणवंतराव शांतपणे म्हणाले. "खरं-खोटं वरचे पाहतीन."

तोच कागद प्रफुलने त्यांच्या जागी बसून लिहिला असता, तर त्यानेही 'सांगतात' असंच लिहिलं असतं. त्यामुळेच त्याला जास्त लागलं. परक्याने केलेला अपमान माणूस विसरतो. आपल्याच जातीच्या लिपिकाने, आपल्याच भाषेत, शुद्धलेखनासहित केलेला अपमान विसरता येत नाही. इस्तारीने अंगठा उठवला. नाणं पाकिटात गेलं, पाकिटावर लाख पडली, लाखेवर शिक्का बसला. आणि एवढं सगळं होईस्तोवर आलापल्लीवरून सिरोंच्याला जाणारी गाडी निघून गेली होती.

संध्याकाळची गाडी होती. जाता आलं असतं. पण रिकाम्या खिशाने, लाल झालेला रुमाल घेऊन फाटकापाशी उभं राहायचं, आणि म्हणायचं काय? प्रफुल स्टँडवर बराच वेळ बसला आणि सिंदेवाहीच्या गाडीत चढला.

रविवारी त्याने साधनाला सगळं सांगितलं. लटारूभाऊंचा सल्ला, डबी, कुंकू, गुणवंतरावांचा वर धरलेला हात. ती हसेल असं त्याला वाटलं होतं. बूथवरचा आकडा पळत राहिला.

"ऐकून राह्यली ना?"

"हो."

"काय झालं?"

"नाण्याचं काय घेऊन बसले," ती म्हणाली. "गडचिरोलीपर्यंत आले होते तुमी. नाणं नव्हतं त नव्हतं. तुमी काऊन नाई आले?"

बूथवाला मान खाली घालून पावती फाडत होता.

माणसाला उत्तर सापडलं नाही की तो अर्ज करतो. नाणं परत मिळावं म्हणून प्रफुलने अर्ज केला. मालकीचा पुरावा मागण्यात आला. पुरावा म्हणजे स्वप्निल, आणि स्वप्निल तेव्हा कुठल्या समुद्रात होता ते त्याच्या आईलाही माहीत नव्हतं. दरम्यान गुणवंतरावांच्या मनात नवी शंका आली. त्यांनी फाइलवर टिपण टाकलं, की नाण्यावरील फुलपाखरू वन्यजीव संरक्षणाखाली येत असल्यास ते जवळ बाळगणे गुन्हा ठरेल काय, याबाबत जाणकारांचे मत घेणे उचित. प्रफुलने फोनवर ओरडून सांगितलं, की फुलपाखरू नाही, फुलपाखराचं चित्र आहे! "ते ठरवणारे आपण कोण?" गुणवंतराव म्हणाले. त्या माणसात दुष्टपणाचा लवलेश नव्हता. हीच तर अडचण होती. दुष्ट माणसाशी भांडता येतं.

पाकीट आलापल्लीला गेलं. तिथल्या वनखात्याच्या एका साहेबांनी ते उघडून पाहिलं, आणि सागवानाच्या हिशोबातून डोकं वर काढून दोन ओळींत अभिप्राय दिला: 'सदर फुलपाखरू या जंगलातील रहिवासी नाही. आमची हरकत नाही.' आता पाकीट परत गडचिरोलीला यायचं. पण वरच्या कागदावर 'मुक्काम सिरोंचा' हे शब्द ठळक होते, आणि आलापल्लीहून एक टपालगाडी वर जाते, एक खाली. पाकीट खाली गेलं.

पुढच्या रविवारी साधनाचा आवाज बदललेला होता.

"आयका ना. तुमचं नाणं आलं इथी."

"कुठी?"

"शाळेच्या मांगं कचेरी हाय, तिथच्या लोखंडी पेटीत. मी पाहून आली. म्हणजे दिसत नाई, सील हाय. पण वरून हात लावला, त गोल लागते."

प्रफुल रिसीव्हर धरून उभा राहिला. जानेवारी संपत आला होता, धानाची मळणी झाली होती, आणि दोन महिन्यांत त्याला जे जमलं नव्हतं ते एका नाण्याने, कोणाचीही रजा न घेता, सरकारी खर्चाने करून दाखवलं होतं. त्या रात्री त्याला त्या नाण्याचा चक्क हेवा वाटला. तिने पाकिटावरून हात फिरवला असेल, तो कसा, याचा तो विचार करत राहिला.

आणि मग ते पत्र आलं. सिरोंच्याच्या कचेरीचं, भात संशोधन केंद्राच्या पत्त्यावर. मूळ धारकाने ओळखपत्रासह समक्ष हजर राहून मुद्देमाल ओळखावा व ताब्यात घ्यावा. प्रफुलने रजा मागितली की ज्यांच्या कपाळाला हमखास आठी पडायची, त्या साहेबांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "सरकारी पत्र आहे गुरनुले. जावंच लागेल. काम संपल्याशिवाय येऊ नका, नाहीतर पुन्हा बोलावतील."

भागीरथाबाईंनी या वेळी काहीही ओवाळायचं नाही, अशी त्याने त्यांना शपथ घातली. लटारूभाऊंना त्याने दुपारच्या गाडीने जातो म्हणून सांगितलं आणि सकाळच्या गाडीने गेला.

सिरोंच्याला तो उतरला तेव्हा शाळा सुटायला वेळ होता. तो फाटकापाशी उभा राहिला. हातात काही नव्हतं, त्यामुळे हातांचं काय करावं ते कळेना. साधना पोरींच्या घोळक्यातून बाहेर आली, त्याला पाहून थांबली, आणि लग्नाला चार वर्षं झालेल्या बाईने करू नये ते तिने केलं: पदराने तोंड झाकलं. पोरी फिदीफिदी हसल्या.

दुसऱ्या दिवशी तो कचेरीत गेला. तिथे श्रीहरी नावाचा कारकून होता. त्याने पत्र पाहिलं, आदराने खुर्ची दिली आणि सांगितलं, "साहेब दौऱ्यावर हाय जी. पेटीची किल्ली त्यायच्याच जवळ. रेपु."

"काय?"

"रेपु. उद्या."

तिसऱ्या दिवशीही साहेब नव्हते. रेपु. चौथ्या दिवशी साहेब आले होते, पण किल्ली घरी राहिली होती. इतक्या वर्षांच्या नोकरीत प्रफुलने हा शब्द शेकडो माणसांना ऐकवला होता, मराठीतून. आता तो तेलुगूतून स्वतः ऐकत होता, आणि आश्चर्य असं, की बाहेर पडताना त्याची पावलं जड होण्याऐवजी हलकी पडत होती. कचेरीतून तो बाजारात जायचा, भाजी घ्यायचा, कोणी धीवर गोदावरीची ताजी मासोळी घेऊन बसला असेल तर तीही घ्यायचा. साधना यायच्या आत कुकर लावून ठेवायचा. भात कधी करपायचा. भात संशोधन केंद्राचा माणूस अन् भात करपवते, म्हणून ती हसायची. मराठीतून.

तिची घरमालकीण सोनीबाई, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, तेलुगूच बोलणारी. ती प्रफुलला "अल्लुडु" म्हणायची, म्हणजे जावई. ताट वाढताना ती साधनाकडे बघून काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या. तोच आवाज, तेच हसणं. प्रफुलच्या हातातला घास थांबला.

"त्या दिवशी फोनवर ह्याच होत्या ना? काय म्हणत होत्या?"

साधनाने ताटाकडे पाहत सांगितलं. "हेच, आता म्हणते ते. म्हणे, तुझा नवरा फोनमंदीच रायते काय? कधी बाहेर निंघते का नाई?"

"अन् तू काय म्हणली?"

"मी म्हणली, निंघन. ऑर्डर यायची हाय."

प्रफुलने कालवलेलं वरण पुन्हा कालवायला घेतलं. सोनीबाईंनी त्याच्या ताटात न विचारता आणखी भात घातला.

रविवारी भरदुपारी साधना त्याला नदीवर घेऊन गेली. पात्र रुंद, पाणी उतरलेलं, पलीकडे दुसरं राज्य धुरकट दिसत होतं. ओल्या रेतीवर फुलपाखरं बसलेली होती, पिवळी आणि पांढरी, अगदी साधी. ती पुढे झाली, तिने साडी जराशी उचलून पाय टाकला, आणि सगळी एकदम उडून तिच्या गुडघ्यांभोवती फिरली. मग पुन्हा खाली बसली.

"नाण्यावरचं लई रंगीत हाय," प्रफुल म्हणाला. का म्हणाला ते त्याला कळलं नाही. काहीतरी बोलायला हवं होतं.

"असन," ती म्हणाली. "ते उडते काय पण?"

मग दोघं रेतीवर बसून राहिले. ऊन उतरलं, फुलपाखरं गेली, तरी उठले नाहीत. उठलं की घर, घर की सोमवार, आणि सोमवारी साहेब येणार असं श्रीहरी म्हणाला होता. ते दोघांनाही ठाऊक होतं.

सोमवारी साहेब आले. किल्लीही आली. साधना मधल्या सुट्टीत शाळेतून आली होती. नाणं तिच्यासाठी होतं, तेव्हा तिने असावं, असं तिचं म्हणणं. लोखंडी पेटी उघडली, लाख फुटली, आणि ते नाणं टेबलावर आलं. कुंकू वाळून त्याच्या कडेला बसलं होतं. मधोमध निळं फुलपाखरू, शेंदरी झालर. साधनाने ते तळहातावर घेतलं. नुसतंच पाहत राहिली. प्रफुलने ज्या क्षणासाठी एवढं केलं होतं तो क्षण आला होता, फक्त शाळेच्या फाटकाऐवजी तो एका टेबलापाशी, साहेब आणि श्रीहरी यांच्या साक्षीने आला होता.

"ओळखलं ना? हेच ना?" साहेब घाईत होते. "सही करा गुरनुले, आणि मोकळे व्हा. आज संध्याकाळची गाडी मिळेल तुम्हाला."

प्रफुलने पेन घेतलं.

"एक मिनिट साहेब," साधना म्हणाली.

तिने नाणं हळूच टेबलावर ठेवलं आणि कागद स्वतःकडे ओढला. शिक्षिकेच्या नजरेने, बोट ओळीखालून फिरवत वाचला. "इथं नाव चुकलं आहे. तुमच्या कागदावर 'प्रफुल्ल' लिहिलं आहे, ल ला ल जोडून. यांच्या ओळखपत्रावर 'प्रफुल' आहे. एकच ल."

"अहो बाई, एका ल ने काय होते? मी सही करतो."

"नाही साहेब. उद्या कोणी म्हणालं की प्रफुल्लचं नाणं प्रफुलला दिलं, तर तुमच्यावर येईल. दुरुस्त होऊन आलं पाहिजे. जिथून पंचनामा आला, तिथूनच."

साहेबांचा हात शाईच्या पॅडवर थांबला. आपल्यावर येईल, हे दोन शब्द कोणत्याही कचेरीत पुरेसे असतात.

प्रफुलचा चेहरा लाल झाला. दोन महिने! गुणवंतराव, आलापल्ली, लोखंडी पेटी, आणि आता सगळं पार पडत असताना घरच्याच माणसाने खोडा घालावा? तो तोंड उघडणार होता. तेवढ्यात त्याने तिच्याकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. कागदावरच्या त्या जोडल्या गेलेल्या दोन ल कडे बघत होती, आणि तिचे कान, पदराआडून दिसणारे, कुंकवासारखे लाल झाले होते.

प्रफुलने पेन खाली ठेवलं. घसा साफ केला. आणि कनिष्ठ लिपिकाला शोभेल अशा गंभीर आवाजात म्हणाला, "साहेब, एवीतेवी परत जातच आहे, तर पंचनाम्याची तारीखही तपासून घ्या. मले तिच्यातही थोडी शंका हाय."

साहेबांनी कपाळावर हात मारला. श्रीहरीने नवं पाकीट आणलं, मेणबत्ती पेटवली, लाख वितळवली. फुलपाखरू पुन्हा आत गेलं.

"तुमी थांबता का जाता?" श्रीहरीने विचारलं. "दुरुस्ती यायले टाइम लागन."

"थांबतो," प्रफुल म्हणाला. "काम संपल्याशिवाय येऊ नको म्हणून वरून लेखी, म्हणजे तोंडी, आदेश हाय."

बाहेर ऊन चांगलंच चढलं होतं. शाळेची घंटा झाली तरी साधना फाटकाकडे वळली नाही; पायरीवर उभी राहून चप्पल शोधत होती, जी तिच्या पायातच होती.

"मी घरी जातो," तो म्हणाला. "भात लावतो."

"लावा," ती म्हणाली. "आज करपला तरी चालते."